सांग त्यांना, सावल्या कमी करा

माझ्या मुलाने माझ्याशी बोलणं टाकलं त्याला वर्ष उलटून गेलं होतं, आणि तरी दर रविवारी दुपारी आम्ही दोघं एकाच तुकडीतून लढायला जात होतो. तो त्याच्या खोलीतून, मी हॉलमधून. मध्ये एक भिंत आणि स्वयंपाकघराचं दार. खडकवासल्याला खरे लष्करी अधिकारी घडवतात. तिथून फार लांब नसलेल्या वारज्यात, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही खोटे घडत होतो.

खेळाचं नाव सांगत नाही. ज्यांनी तो बनवला त्यांना माझ्या फुकटच्या जाहिरातीची गरज नाही. चौघांची तुकडी असते. एका पडक्या शहरात उतरायचं, समोर शत्रू दिसला की गोळी घालायची, आणि त्याने आपल्याला घालायच्या आत घालायची. आमच्या तुकडीत मुलगा, त्याचे दोन मित्र आणि मी. मित्र आपापल्या घरून खेळत. ते मला काका म्हणायचे. मुलगा मला 'चार नंबर' म्हणायचा.

आता, बोलणं बंद असताना हा हाक कशी मारायचा, असं कोणीही विचारील. त्याचं असं आहे की अबोला ही पाळायची गोष्ट आहे आणि पाळायच्या गोष्टीला नियम असतात. माझं लहानपण नारायण पेठेत गेलं. तिथे आमच्या शेजारी दोन सख्खे भाऊ एका मजल्यावर राहायचे आणि एकमेकांशी बोलत नसत. कारण कोणाला आठवत नव्हतं, त्यांनाही नसावं. थोरल्याला काही सांगायचं झालं तर तो मधल्या भिंतीला सांगायचा, 'भिंती, त्यांना म्हणावं, नळ उघडा राहिलाय.' धाकटा उठून नळ बंद करायचा आणि भिंतीलाच म्हणायचा, 'केला म्हणावं.' आम्हा पोरांना यात गंमत वाटे. पुढे धाकटा वारला. त्यानंतर थोरला भिंतीशीसुद्धा बोलेनासा झाला, आणि ते मात्र आम्हाला गमतीचं वाटलं नाही.

आमच्याकडे भिंतीचं काम माझी बायको करायची. ती शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली आहे आणि भिंतीपेक्षा तिला शब्द कमी लागतात.

अबोल्याचं निमित्त मुलाची नोकरी. हिंजवडीत चांगली मोठी कंपनी होती, न्यायला-आणायला गाडी होती, ओळखपत्राला रंगीत पट्टा होता. ती सोडून हा एका लहानशा कंपनीत गेला. तिथे संगणकावरचे खेळ तयार होतात आणि याचं काम ते खेळून त्यातल्या चुका शोधणं. मी म्हणालो, 'शाळेत खेळाच्या तासाला मार्क नसतात, एवढं लक्षात असू दे.' तो 'ठीक आहे' म्हणाला आणि उठून गेला. ते 'ठीक आहे' शेवटचं. संध्याकाळी भाजी काय आणायची हा प्रश्न आईमार्फत आला तेव्हा मला कळलं की सुरू झालं.

मग मी निवृत्त झालो. कारखान्यात मी तपासनीस होतो. तयार झालेला भाग मोजायचा, बसला तर पास, नाही बसला तर नापास. अशा माणसाला कशालाही नुसतं वाईट म्हणता येत नाही, आधी तपासावं लागतं. मुलाने नवा संगणक घेतल्यावर जुना हॉलच्या कोपऱ्यात पडून होता. मी ठरवलं, हे खेळ काय आहेत ते नीट बघू, म्हणजे त्यांना नावं ठेवताना आपली बाजू पक्की राहील. विरोध करायचा तर अभ्यास करूनच करावा. पहिला आठवडा अभ्यासात गेला. दुसऱ्या आठवड्यात मी दुपारची झोप सोडली. पुण्यात माणूस दुपारची झोप सोडतो म्हणजे प्रकरण किती पुढे गेलं ते समजून घ्या.

एका रविवारी त्यांच्या तुकडीतला चौथा गडी आला नाही. मुलाच्या खोलीतून आवाज आला, 'आई, विचार त्यांना, येतात का.' बायको दारात येऊन म्हणाली, 'अहो, येता का, विचारतोय.' 'कुठे?' मी विचारलं. 'लढाईवर असेल. मला काय माहीत.'

मी कानाला हेडफोन लावले आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याचा आवाज माझ्यासाठी आला. 'चार नंबर, डावीकडे बघा.' मी डावीकडे बघितलं. तिथे शत्रू होता. मला अगदी स्पष्ट सांगायचं तर मी त्या दिवशी फार खूश होतो. गोळी चुकली, मी मेलो, तरी खूश होतो.

खेळात बोललेलं मोजायचं नाही, हा नियम कोणी बोलून दाखवला नाही, पण दोघांनीही पाळला. 'मागे या', 'खाली बसा', 'दारूगोळा आहे का', 'आहे, घे'. एवढं बोलणं तर आमचं अबोल्याच्या आधीसुद्धा होत नव्हतं. खेळ संपला की तो पाणी प्यायला बाहेर यायचा, माझ्या खुर्चीमागून जायचा आणि आईला म्हणायचा, 'त्यांना सांग, आज बरं खेळले.' मी खुर्चीतच असायचो. बायको माझ्याकडे बघायची, सांगायची नाही, कारण ऐकलेलं आहे हे तिलाही दिसायचं. पण मी वाट बघायचो. ऐकू येणं वेगळं आणि निरोप मिळणं वेगळं.

असं सगळं छान चाललेलं असताना दसरा आला.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, सुरी, बायकोचं शिवणयंत्र, स्कूटर, माझं कारखान्यातलं मापं घ्यायचं जुनं कॅलिपर. त्या वर्षी बायकोने हॉलमधल्या संगणकालाही हळदीकुंकू लावलं, वर झेंडू ठेवला आणि अक्षता वाहिल्या. मी म्हटलं, 'याची कशाला?' ती म्हणाली, 'घरातल्या सगळ्या बंदुका यातच आहेत ना?'

दुसऱ्या दिवशी मी यंत्र चालू केलं आणि लक्षात आलं की त्याची घरघर बंद झाली आहे. जुना संगणक, एरवी गिरणीसारखा वाजायचा. आता कसा मुकाट. मी बायकोला हाक मारून सांगितलं, 'तुझ्या पूजेचा गुण आला बघ.' तिने पोळी लाटता लाटता एकदा तिकडे पाहिलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

त्या रविवारी मी लागोपाठ मेलो. पडद्याच्या कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत एक आकडा असतो, फ्रेम रेट. संगणक सेकंदाला किती चित्रं काढतोय ते तो सांगतो. चित्रं भरपूर असली की समोरचा माणूस पळताना दिसतो. कमी पडली की तो आधी इथे असतो आणि मग तिथे असतो, मधलं तुम्ही समजून घ्यायचं. माझा आकडा एरवी साठच्या आसपास असायचा. आता खेळ सुरू झाल्यावर थोडा वेळ साठ, आणि मग घसरत घसरत वीस. वीस आकड्यावर लढाई म्हणजे फोटोंचा अल्बम उलटत लढायचं. मित्रांपैकी एक कानात ओरडायचा, 'काका, लेफ्ट, लेफ्ट... गेले यार काका.' दर मॅचला माझं जाणं हे दोघं मनापासून कळवू लागले.

मी बायकोला सांगितलं, 'त्याला म्हणावं, सुरुवातीला आकडा चांगला असतो, मग हळूहळू पडतो, काहीतरी...'

'एवढा लांब निरोप नाही सांगायची मी,' ती म्हणाली. 'थोडक्यात सांगा.'

'आकडा पडतोय म्हण.'

ती गेली. खोलीतून मुलाचं बोलणं मला स्वच्छ ऐकू आलं. 'सांग त्यांना, सावल्या कमी करा.' ती परत आली आणि म्हणाली, 'सावल्या कमी करा म्हणतोय.'

'कसल्या सावल्या?'

'झाडांच्या असतील. विचारून येऊ?'

खेळाच्या आत चित्रं किती बारकाईने काढायची त्याचे पर्याय असतात, त्यात सावल्या असतात, हे मग मी शोधून काढलं. सावल्या कमी केल्या. आकडा सुरुवातीला वाढला आणि मग पुन्हा वीसवर येऊन बसला. 'पडतोयच म्हण.' निरोप आला, गवत काढा. गवत काढलं. मग पाण्यावरच्या लाटा काढल्या, ढग काढले, भिंतींचे पोपडे काढले. ड्रायव्हर म्हणून एक प्रकार असतो तो नवा घातला. ब्राउझर बंद केला, त्यात माझं निवृत्तिवेतनाचं पान उघडं होतं तेही बंद केलं. होता होता ते शहर असं झालं की बांधणाऱ्याने अर्धवट सोडून पळ काढावा, आणि माणसांचे चेहरे उकडलेल्या बटाट्यासारखे. मुलाच्या पडद्यावर शत्रू उंच गवतात लपलेला असायचा, माझ्या पडद्यावर गवतच नसल्यामुळे तो उघड्या मैदानात पोटावर झोपलेला दिसायचा. मला सगळे दिसत होते. मी कोणाला मारू मात्र शकत नव्हतो, कारण मी बंदूक रोखेपर्यंत तो दुसऱ्या चित्रात गेलेला असायचा.

या काळात बायकोच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की भाजी करपली. तिला रेझोल्यूशन हा शब्द तोंडपाठ झाला. एकदा ती खोलीतून येऊन म्हणाली, 'तो म्हणतोय नवीन ग्राफिक्स कार्ड घ्या,' आणि माझं तोंड बघून, मी काही म्हणायच्या आत, स्वतःच परत जाऊन सांगून आली, 'नाही म्हणतात.'

मग पुढच्या रविवारी मित्रांपैकी एकजण जपून म्हणाला, 'काका, आज आपण एक मॅच तुम्हाला रेस्ट देऊ या का?' पुण्यात वाढलेल्या माणसाला हे भाषांतर करून सांगावं लागत नाही. मी मुलाच्या आवाजाची वाट पाहिली. त्याच्याकडून काही आलं नाही. मी 'हो हो, खेळा तुम्ही' म्हणालो, हेडफोन काढून ठेवले आणि गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सकाळी बायकोने घातलेलं होतंच. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. इतक्या वयाच्या माणसाला खेळात घेतलं नाही म्हणून वाईट वाटावं याचंही वाटलं.

त्याच संध्याकाळी बायकोकडून कळलं की मुलगा घर सोडतोय. याच दोन मित्रांबरोबर त्याने खराडीला जागा भाड्याने घेतली होती. नवी कंपनी त्या बाजूला. वारज्याहून खराडीला माणूस जातो म्हणजे परगावीच जातो. दिल्लीला गेलेला मुलगा सणावाराला तरी येतो. ते तिघं आता एका घरात बसून खेळणार आणि चौथ्यासाठी कोणी बऱ्या संगणकाचा माणूस बघणार, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. आतापर्यंत निदान माझ्या खुर्चीमागून तो जात तरी होता. एकदा तो गेला आणि खेळही गेला, की आमच्यात बोलायला भिंतसुद्धा उरणार नव्हती. मला त्या नारायण पेठेतल्या थोरल्याची आठवण झाली आणि मी घाबरलो.

मी बायकोला म्हटलं, 'त्याला सांग, जायच्या आधी जरा हा आकडा...'

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घालता घालता थांबली नाही. 'मी नाही सांगणार.'

'म्हणजे?'

'म्हणजे आजपासून निरोप बंद. त्याचे तुम्हाला नाहीत, तुमचे त्याला नाहीत. दोघांना तोंडं आहेत, देवाने चांगली धडधाकट दिली आहेत.' मग ती मुलाच्या दारापाशी गेली आणि त्यालाही तेच सांगून आली. त्याला सांगताना शब्द तेवढेच होते, आवाज जरा जास्त होता.

पुढचे काही दिवस घरात कोणीच कोणाशी बोललं नाही. भाजी काय आणायची हे मी अंदाजाने ठरवत होतो आणि सारखी दोडकी येत होती.

शनिवारी सकाळी मुलाच्या खोलीत खोकी बांधून झाली होती. दुपारी टेम्पो येणार होता. मी हॉलमध्ये पेपर घेऊन बसलो होतो, वाचत नव्हतो. तो खोलीतून आला, हातात स्क्रूड्रायव्हर. संगणकाशेजारी मांडी घालून बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, 'बाबा, चालू केल्यावर लगेच पडतो का थोड्या वेळाने?'

मी इकडेतिकडे बघितलं. बायको नव्हती. म्हणजे हे मलाच होतं.

'थोड्या वेळाने,' मी म्हणालो. 'आधी साठ असतो. मग हळूहळू वीस.'

'आणि आवाज?'

'आवाज बंद झालाय. दसऱ्यापासून. एकदम शांत.'

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. 'मग तापतंय ते. पंखा फिरत नाहीये. बाबा, हे आधी का नाही सांगितलंत?'

'सांगितलं होतं. निरोप लांब झाला.'

त्याला हसू आलं ते त्याने दाबलं. बाजूचा पत्रा उघडला आणि म्हणाला, 'टॉर्च धरा.' मी टॉर्च धरला. आत प्रोसेसरच्या डोक्यावर लहानसा पंखा होता, आणि त्याच्या पात्यांत कुंकू लागलेल्या अक्षता आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या अशा गच्च बसल्या होत्या की पंखा रडतखडत सुद्धा फिरू नये. वरच्या जाळीतून आत पडल्या होत्या. दोन आठवडे मी त्या यंत्राला आराम मिळावा म्हणून जगातलं गवत काढून टाकलं, आणि आत पूजा मांडलेली.

आम्ही दोघं चिमट्याने एकेक दाणा काढत बसलो. माझ्या कॅलिपरचं टोक एका अडकलेल्या दाण्यासाठी उपयोगी पडलं, आणि मला वाटतं ते त्याला आवडलं. तो म्हणाला, 'कामावर मीही हेच करतो. नापास झालं की का झालं ते शोधायचं.' मी म्हणालो, 'माहीत आहे.' खरं तर माहीत नव्हतं, म्हणजे तेव्हाच माहीत झालं. मग मी म्हणालो, 'एकदा येईन बघायला तुझं ऑफिस.'

'खराडीला? तुम्ही?'

'बघू.'

पंखा फिरू लागला आणि हॉलमध्ये ती जुनी घरघर भरली. तो पत्रा बसवत हळूच म्हणाला, 'आईला सांगू नका हं. उगाच वाईट वाटेल तिला, पूजेमुळे झालं म्हणून.'

'छे, छे,' मी म्हणालो. वर्षा-दीड वर्षात पहिल्यांदाच आमचं एकमत झालं होतं.

बायको चहा घेऊन आली. ताटलीतल्या अक्षतांवर मी घाईघाईने पेपर ठेवला. तिने दोन कप खाली ठेवले, पेपर उचलला, दाणे बघितले आणि म्हणाली, 'निघाल्या का सगळ्या?'

मुलानेच विचारलं, 'आई, तुला माहीत होतं?'

'वाहताना मूठ जरा मोठी झाली होती. आत पडलेल्या ऐकू आल्या.'

'मग इतके दिवस बोलली का नाहीस?' मी म्हणालो.

'मला कोणी विचारलं?' ती म्हणाली. 'मी आपले निरोप पोचवत होते.' आणि बिस्किटं आणायला आत गेली.

मुलगा गेला. त्या रविवारी दुपारी मी हेडफोन लावले तेव्हा खराडीहून तिघं आधीच उतरले होते, आणि कानात आवाज आला, 'बाबा, डावीकडे.' मित्रांपैकी एकाने विचारलं, 'अरे, बाबा कोण?' त्याला आजवर मी कोण आहे हेच ठाऊक नव्हतं; शेजारचे कोणी काका समजत होता तो. सावल्या, गवत, ढग मी सगळं परत लावलं. गवत इतकं दाट होतं की मला शत्रू दिसलाच नाही आणि मी मेलो.

लक्ष्मीपूजनाला मुलगा घरी आला. खराडीहून येताना दीड तास ट्रॅफिकमध्ये गेला म्हणून कुरकुरत होता, आणि जेवून लगेच निघणार होता. बायकोने पाटावर लक्ष्मी मांडली, पूजा झाली, आणि मग ताम्हण घेऊन ती हॉलच्या कोपऱ्यात संगणकापाशी गेली. हळदीकुंकू लावलं. अक्षतांची मूठ घेतली. वरच्या जाळीवर हात धरून तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा मुलाकडे बघितलं.

मुलगा म्हणाला, 'आई, बाबांचा आकडा परत पडला तर मला इतक्या लांबून यायला लागेल.'

'हो ना,' ती म्हणाली.

मी जाळीवर पेपर टाकायला अर्धा उठलो होतो, तो परत खाली बसलो. तिने मूठ उघडली. दाणे आत पडल्याचा बारीक आवाज या वेळी मलाही ऐकू आला.